तोंडाला लाईट घ्यायची ठरली? आधी दातांचं बघा

तोंडाच्या नाहीतर घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे आपण लाईट म्हणतो ती, ठरलं की घरात पळापळ असते ती पैशांची, जनआरोग्य योजनेच्या फाईलची आणि रोजच्या ये-जाची, दातांचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. आपल्या नाशकात मिश्री, तंबाखू, गुटखा (2012 पासून बंदी आहे म्हणे) सगळं चालूच, म्हणून सविस्तर लिहितोय.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्याच आठवड्यात डेंटिस्ट गाठा आणि ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे) काढून घ्या. जो दात टिकणार नाही तो आत्ताच काढायचा, कारण जखम भरायला निदान दोन आठवडे लागतात, तीन मिळाले तर उत्तम, आणि कॅन्सरवाले डॉक्टर त्याहून जास्त थांबत नाहीत, ते बरोबरच आहे त्यांचं. पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे. लाईट भले नाशकात घ्या नाहीतर पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून टाटाला जा, दातांचं काम इथेच उरकतं.

एवढी घाई का, तर सहसा 60 ते 70 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोस असतो, आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे, आणि त्यात लाळेच्या ग्रंथी आणि जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. तोंड सोलणं, चव जाणं याचीच सगळ्यांना धास्ती, पण ते बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत बरंच सुधारतं. लाळ पूर्ण परत येईलच असं नाही. हाड तर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

लाळ नसली की कीड फार झपाट्याने लागते. एरवी खालचे पुढचे दात सगळ्यात शेवटी किडतात, इथे तेच आधी जातात, हिरडीलगत तपकिरी रेघ येते, ती दाताभोवती गोल फिरते, दुखत बऱ्याचदा काहीच नाही आणि एक दिवस भाकरी चावताना दाताचा वरचा भाग तुटून हातात येतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा आरशासमोर मोबाईलचा टॉर्च मारून बघायचंच.

रोजचं म्हणाल तर मऊ ब्रश, आणि डेंटिस्टकडून दातांच्या मापाचे ट्रे करून घ्यायचे, रात्री झोपताना त्यात फ्लोराइड जेल घालून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, थुंकायचं, मग अर्धा तास चूळ नाही, पाणी नाही. हे आयुष्यभर, कंटाळा आला तरी. दिवसातून चार-पाचदा पेलाभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाकून चुळा भरा, अल्कोहोलवालं माऊथवॉश नको. तोंड कोरडं पडतं म्हणून लोक खडीसाखर चघळत बसतात, लिंबू सरबत पितात, नाहीतर पिंपळगावचे बेदाणे तोंडात ठेवतात, हे सगळं किडीला आमंत्रणच. साधं पाणी घोट घोट प्या, साखर नसलेलं च्युइंगम चालतं. मिसळ बरेच दिवस विसरा. मिश्री तर कायमचीच.

तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून. स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत, कमी जायला लागली तर फिजिओथेरपिस्ट आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून हळूहळू वाढवायला शिकवतात. स्नायू एकदा आखडले की मग फार अवघड जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाईट झाल्यावर, पाच काय दहा वर्षांनीसुद्धा, दात दुखला म्हणून जवळच्या दवाखान्यात जाऊन परस्पर दात काढायचा नाही, खालच्या जबड्याची दाढ तर नाहीच नाही. रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि मरायला लागतं, याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात, त्यात कधीकधी जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. शक्य असेल तर रूट कॅनाल करून मूळ तसंच ठेवतात. कुठल्या बाजूला किती ग्रे दिले त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि प्रत्येक डेंटिस्टला खुर्चीत बसायच्या आधी दाखवा. कवळी घासत असेल तरी सहन करत बसू नका, तिथूनही हाड उघडं पडतं.

आणि दाताच्या एक्स-रेला घाबरून तो टाळू नका, त्यातलं रेडिएशन या डोसच्या मानाने नगण्य असतं.

हाड दिसलं, पू आला, खालचा ओठ बधिर झाला किंवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा, कारण कॅन्सर परत आला असला तरी सुरुवातीला असंच दिसू शकतं.