मोरी, नाव आणि बिजागरी: शब्दांशी खेळायचं कसं

मागच्या मे महिन्यात पुण्याहून पाहुणे आलेले, आईने आतून ओरडून सांगितलं की आज मोरी केली आहे, तर पाहुणे अगदी सहज म्हणाले, "अरे वा, टाइल्स कुठल्या लावल्या?" आई अर्धा मिनिट गप्प. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे कोकणात मोरी म्हणजे मुशी, लहान शार्क, तिचं मटणासारखं तिखट कालवण होतं. तर हा खेळ सुरू करायला लेखक बिखक असावं लागत नाही, घरात असले दोन अर्थांचे शब्द पडलेलेच असतात, फक्त कान तिकडे लावायचा. मी कसं करतो ते सांगतो.

आधी एक वही करा. मोबाइलमध्ये नोट्स केल्या तरी चालतं, पण वही स्वयंपाकघरात उघडी पडली की घरातले येताजाता भर घालतात, मोबाइलला कोणी हात लावत नाही. आणि महत्त्वाचं, नुसता शब्द लिहू नका, ज्या वाक्यात ऐकला ते आख्खं वाक्य लिहा. मी पहिल्यांदा "अडसर म्हणजे शहाळं आणि नारळ यांच्या मधली अवस्था" एवढंच लिहून ठेवलेलं, वाचायला अगदी परीक्षेतल्या उत्तरासारखं. मग शेजारच्या काकांचं वाक्य लिहिलं, "शहाळं नको रे, अडसर पाड, मलई जाड हवी" आणि शब्द जिवंत झाला. गडगा (दगडांचं कुंपण), पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), पाणंद, व्हाळ (ओढा), आठळी (फणसाची बी), झावळ, हे सगळं असंच गोळा होतं. म्हातारी माणसं सोबत असतील तर "ह्याला काय म्हणतात" असं विचारू नका, ती एकदम सावध होऊन पुस्तकी बोलायला लागतात. त्यांना काम करू द्या, शब्द आपोआप पडतात.

आता शब्द आला कुठून हा भाग, मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येते. जुनी माणसं घरात, शेतात, बोटीवर काय बोलत होती ते त्यात सापडतं आणि शब्द संस्कृत, फारसी की अरबी याची खूणही बऱ्याच ठिकाणी दिलेली असते.

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितलाय का? तो लिलाव शब्द पोर्तुगीज, लेलांव. तिथून घरी या. दाराची चावी पोर्तुगीज, परात पोर्तुगीज, घमेलं पोर्तुगीज, बटाटा आणि पाव तर आहेतच, आणि हे सगळं ज्याच्या जिवावर घ्यायचं तो पगारही पोर्तुगीज. काजू तर झाडासकट आला, पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला, आणि नाव तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतलं. आज कोकणचा मेवा म्हणून आपण पाकिटं विकतो. मला सगळ्यात आवडतो तो मोसम. अरबी मौसिम, म्हंजे ऋतू, त्याचा मराठीत मोसम झाला. तोच शब्द पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला आणि परत आपल्याकडे आला मान्सून होऊन. एकच प्रवासी दोन वेगळ्या बोटींतून उतरला आणि आपण दोघांनाही वेगवेगळ्या पंगतीला बसवलं.

इथे एक धोका आहे. शब्द फोडून बघायची सवय लागली की सगळंच फुटायला लागतं. मिठागर म्हणजे मीठ अधिक आगर, हे खरं. मग मी जोशात बिजागरी फोडली, बीज अधिक आगर, चारजणांना सांगूनही आलो, आणि निघाला काय तर पोर्तुगीज बिझाग्रा. दाराच्या बिजागरीत कसलं बीज नि कसलं आगर! पण ह्या चुकीतून आमच्या घरातला सगळ्यात चांगला खेळ निघाला. एक शब्द घ्यायचा, त्याच्या तीन व्युत्पत्ती सांगायच्या, एक खरी नि दोन आपण रचलेल्या, बाकीच्यांनी खरी ओळखायची. "चावते म्हणून चावी" असली फालतू रचलीत तर लगेच पकडले जाता, बीज-आगरसारखी गंभीर चेहऱ्याने सांगता येईल अशी पाहिजे. खेळ संपल्यावर खरी कुठली ते मात्र सांगून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती ग्रुपवर फिरत असते.

कोटी करताना मराठीत एक मोठी अडचण येते, लिंग. नाव म्हंजे होडी आणि नाव म्हंजे माणसाचं नाव, म्हणून वाटतं की बुडवाबुडवी करायला मस्त शब्द. पण "नाव बुडवली" म्हटलं की होडी आणि "नाव बुडवलं" म्हटलं की अब्रू, क्रियापदानेच चुगली केली. "बापाची", "बापाचं" म्हटलंत तरी तेच. उपाय सोपा आहे, वाक्य भविष्यकाळात न्या. "हा पोरगा एक दिवस नाव बुडवणार." आता खलाशाच्या घरात हे कोण कशाबद्दल म्हणतंय ते ज्याने त्याने समजून घ्यावं. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही अर्थ एकाच लिंगाचे असलेले शब्द शोधायचे. मोरी तशीच. भरती तशीच, समुद्राची पण ती आणि पोलिसांची पण ती, "भरती कधी आहे रे?" ह्या प्रश्नाला आमच्याकडे दोन उत्तरं मिळतात. "वाटेत अडसर पडलाय" हेही चालतं, डोक्यावर नाही पडला म्हंजे मिळवलं.

उलटापालटीचा खेळ मुलांना जास्त आवडतो. नियम एकच, काना-मात्रा अक्षराला चिकटूनच फिरणार. गरा उलटा केला की राग, वारा उलटा रावा (म्हंजे पोपट), डाव उलटा वडा. अख्खी वाक्यंपण आहेत, "ती होडी जाडी होती" उलट वाचून बघा. स्वतः करायचं तर मधल्या अक्षरापासून सुरू करा आणि दोन्ही बाजूंनी वाढवत न्या, डावीकडून सुरू केलंत तर अडकणार.

लिहायचा सराव हवा असेल तर दहा ओळींचं बंधन घाला. उदाहरणार्थ बंदरावरचा प्रसंग लिहायचा पण "समुद्र" आणि "मासे" हे दोन शब्द वर्ज्य. पहिल्या दोन ओळी रडत होतात, मग नाईलाजाने वास, बर्फाचा आवाज, टोपलीखालून गळणारं पाणी, असलं काहीतरी यायला लागतं. कोडी करायची असतील तर वस्तूचा विचित्रपणा तिच्याच तोंडी द्या. माझं काजूचं असं आहे: "सगळ्यांची बी पोटात, माझी लटकते बाहेर, माझं अंग फेकतात नि बीचा करतात आहेर." यमकासाठी आहेर ओढून आणलाय, मान्य आहे.

आणि नवे शब्द पाडा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, महापौर, दिनांक हे त्यांनी रूढ केलेले शब्द आज आपण न अडखळता वापरतो. त्यांचं भाषाशुद्धीचं सगळंच मला पटत नाही, लिलाव आणि चावी काढून टाकली तर आमच्या घरात बोलायचं काय, पण शब्द पाडायची हौस घेण्यासारखी आहे. ज्या गोष्टीला नाव नाही ती आधी शोधा. अंगणात ज्या एकाच दगडावर उभं राहिलं की रेंज येते तो आमचा रेंजकातळ. आणि फक्त आंब्याच्या दिवसांत, मे महिन्यात उगवणारा पाहुणा, तो मे-हुणा.

हा शब्द मी खऱ्या मेहुण्याला फोनवर ऐकवला. तो म्हणाला, "जूनमध्ये आलो तर जुना म्हणशील, त्यापेक्षा मेच बरा. आणि एवढी कोटी केलीस ना, मग एक पेटी तरी पाठव."