विश्वामित्रीच्या काठावर भराव दिसला तर काय करायचं

बडोद्यात कमाटीबागेतल्या पुलावरून खाली विश्वामित्री नदीकडे बघितलं की हिवाळ्याच्या उन्हात मगर तोंड उघडं टाकून पडलेली दिसते, आमच्या घरची पोरं तर त्यासाठीच थांबतात, आणि काठावर कुणी डंपरभर राडारोडा टाकून गेलेलं दिसलं की पोटात कालवतं, कारण मगर अंडी घालते ती याच मातीत.

अमेरिकेत मोकळ्या वाहत्या नद्यांसाठी १९६८ पासून खास कायदा आहे, आपल्याकडे तसा नाही, म्हणून आहेत तेच कायदे वापरायचे.

आधी फोटो काढा, लोकेशन ऑन ठेवून, दर आठवड्याला त्याच जागेवरून, म्हणजे भराव कसा पुढे सरकतोय ते दिसतं. मग आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, गुजरातमध्ये फी २० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. त्यात "असं का केलं" विचारत बसू नका, त्याला उत्तर मिळत नाही, सरळ सर्व्हे नंबर लिहून भरावाच्या परवानगीची प्रत मागा. मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तेव्हा वनखात्यालाही अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

तरी दाद नाही मिळाली तर एनजीटी, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणारा राष्ट्रीय हरित लवाद, आपल्यासाठी पुण्याचं बेंच, वकील लागतोच असं नाही, पण प्रकार सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत जायचं. मे २०२१ मध्ये एनजीटीने विश्वामित्रीच्या संरक्षणासाठी आदेश दिलाय, त्याची प्रत अर्जाला जोडाच.