गरोदरपण, बाळ आणि सेलेनियम: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

सातव्या महिन्यात भाचीने व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला. कुठल्याशा पॅकेजमध्ये सेलेनियमही (शरीराला अगदी थोडंसं लागणारं खनिज) तपासलं होतं आणि त्या आकड्यापुढे खाली तोंड केलेला लाल बाण होता. पाठोपाठ मेसेज: "मावशी, गोळी सुरू करू का?" मी मेसेज टाईप करत बसले नाही, सरळ फोनच लावला. या बाणावरून घाईघाईने गोळ्या सुरू करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि मला त्यांची मनापासून काळजी वाटते.

पहिली चूक: बाण पाहून कमतरता ठरवणं

गरोदरपणात रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून त्यातले बरेच घटक पातळ होतात. सेलेनियमही महिन्यागणिक थोडं उतरतं. रिपोर्टवरची मर्यादा मात्र बहुतेक वेळा गरोदर नसलेल्या माणसांची असते. अंगात ताप किंवा संसर्ग असेल तरीही आकडा खाली येतो. आणखी एक घोटाळा एककांचा. एका लॅबचा रिपोर्ट मायक्रोग्रॅममध्ये, दुसऱ्या लॅबचा मायक्रोमोलमध्ये. 1 मायक्रोमोल म्हणजे साधारण 79 मायक्रोग्रॅम. सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) आणि पूर्ण रक्त यांचे आकडेही शेजारी ठेवून ताडायचे नसतात.

बाळाचंही तसंच. नाळेच्या रक्तातलं सेलेनियम सहसा आईपेक्षा कमी भरतं. नवजात बाळाचा आकडा मोठ्या माणसाच्या मर्यादेशी लावला, तर धडधाकट बाळही आजारी दिसेल.

दुसरी चूक: "थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं?"

मला सर्वात जास्त काळजी इथेच वाटते. सेलेनियम थायरॉईडच्या कामाला लागतं, पेशींच्या रक्षणाला लागतं, हे सगळं खरं. पण गरज आणि अतिरेक यांत अंतर फार थोडं आहे. भारतीय शिफारस प्रौढांसाठी दिवसाला 40 मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेत गरोदर स्त्रीसाठी 60. वरची मर्यादा अमेरिकेत 400, तर युरोपने 2023 मध्ये ती 255 वर आणली. आता हिशोब करा. गरोदरपणाच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये 60, "थायरॉईडसाठी" म्हणून ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूलमध्ये 200, आणि कुणीतरी सुचवलेले दोन ब्राझील नट. एकेका नटात सत्तर-नव्वद मायक्रोग्रॅम असू शकतं. म्हणजे बेरीज 400 च्या आसपास गेलीच, आणि जेवण अजून मोजलेलंच नाही!

अतिरेक झाला की केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात 2024 च्या डिसेंबरअखेर आणि 2025 च्या जानेवारीत बोंडगाव आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळाले, ते आठवत असेल. विंचूदंशावरच्या कामामुळे सर्वांना ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेव्हा रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. पंजाबातल्या होशियारपूर, नवांशहर भागात काही जमिनींतच सेलेनियम भरपूर आहे. उलट चीनमधल्या केशान भागाची माती इतकी कमी सेलेनियमची, की तिथे मुलं आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायका हृदयाच्या आजाराने दगावत. तेव्हा तुमच्या ताटातला गहू-तांदूळ कुठल्या मातीतला, यावर पुष्कळ काही ठरतं.

आणि आयोडीन अपुरं असताना नुसतं सेलेनियम वाढवलं, तर थायरॉईड आणखी मंदावू शकतं. काँगोत हे घडलेलं आहे. म्हणून आधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पाहा, जुन्या सगळ्या गोळ्यांच्या बाटल्या डॉक्टरांच्या टेबलावर मांडा.

केसांची तपासणी

केस तपासूनही सेलेनियम मोजतात, पण कोंड्यावरच्या काही शाम्पूंत सेलेनियम सल्फाइड असतं. तो वापरत असाल तर केसांतला आकडा शाम्पूचाच येईल.

तिसरी चूक: चीक पिळून टाकणं

पहिल्या दिवसांच्या चिकात नंतरच्या दुधापेक्षा सेलेनियम जास्त असतं. अजूनही काही घरांत "ते जड असतं" म्हणून बाळाला मध-पाणी चाटवतात. कृपा करून तसं करू नका. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. आईने अंडी, मासळी, डाळी, जे घरात चालतं ते नीट खावं.

खरी काळजी हवी ती लवकर जन्मलेल्या बाळांची. आईकडून मिळणारा साठा शेवटच्या महिन्यांत होतो, तो त्यांना पुरता मिळालेलाच नसतो. अशा बाळांना सेलेनियम दिल्यावर रक्तातल्या संसर्गाचं प्रमाण कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पण ते डॉक्टरांनीच, वजनावरून मोजून द्यायचं. बाळ काचेच्या पेटीत असेल आणि शिरेतून पोषण लांबत चाललं असेल, तर संकोच न करता विचारा: "डॉक्टर, यात सेलेनियम आहे ना?"