आजीच्या ओव्यांची सीडी अडकली आणि ड्राइव्ह बदलला

अमळनेरच्या घरातल्या डेस्कटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह उघडेना, आणि आत आजीच्या अहिराणी ओव्यांची एकुलती एक सीडी! कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला. ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप दाबली, ट्रे जरासा सरकला, हाताने हळूच ओढला. सीडी सुखरूप. जीव भांड्यात पडला.

मग जळगावहून नवा साटा (SATA, ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची पद्धत) ड्राइव्ह आणला. ७ पिनांची डेटा केबल, १५ पिनांची पॉवर केबल सोडवली, बाजूचे स्क्रू काढले, जुना पुढून ओढला. नवा बसवताना जुने स्क्रूच वापरा: याला बारीक आट्यांचे एम३ (३ मिमी व्यासाचे) लागतात, हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे पिळले तर आटे जातात. चालू केल्यावर ड्राइव्ह दिसेना. डेटा केबल अर्धवट बसली होती. आता ओव्या हार्ड डिस्कवरही उतरवल्यात.