दहावीची उजळणी घेताना या चुका टाळा

मागच्या वर्षी पूर्वपरीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी वर्गातला सूत्री विभाजनाचा, म्हणजे एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात त्याचा, तक्ता भिंतीवरून काढला. अप्पा बळवंत चौकातून आणलेला, छान रंगीत, गेले तीन महिने मुलांच्या डोळ्यांसमोर होता. काढल्यावर विचारलं, "मध्यावस्थेत काय होतं?" निम्म्या वर्गाची नजर आधी भिंतीकडे गेली. तिथे नुसता खिळा. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, डावीकडून दुसरं चित्र." चित्र कुठे होतं ते तिला पक्कं आठवत होतं. चित्रात काय होतं, ते सांगता येईना.

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान आणि गणित शिकवते. तयार तक्ते, कार्डं, व्हिडिओ, लक्षात ठेवायच्या युक्त्या हे सगळं मी वापरते आणि वापरत राहणार आहे. पण त्या खिळ्याकडे वळलेल्या नजरा बघितल्यापासून प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारते: हे समोर नसताना मुलाला काय आठवतं?

"येतं मला" यावर विसंबू नका

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून निघतात. धडा चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. पिवळ्या हायलायटरने रंगवलेली ओळ तर फारच ओळखीची. मूल मनापासून म्हणतं, "येतं मला." ते खोटं बोलत नसतं. पण बघून ओळखणं आणि न बघता आठवणं ही वेगवेगळी कामं आहेत, आणि पेपर लिहिताना लागतं ते दुसरं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली फसगत इथेच होते. तास संपताना विचारलं की वाचणारी मुलं फडाफडा उत्तरं देतात, आपल्याला बरं वाटतं आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

वर्गात मी आता असं करते. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर पाच मिनिटं आठवेल ते निळ्या पेनाने लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं हिरव्या पेनाने भरायचं. त्या दिवसाचा अभ्यास म्हणजे ती हिरवी अक्षरं. निळं झालेलं आहे, त्यावर पुन्हा वेळ घालवायचा नाही.

पहिल्या आठवड्यात काही कागद कोरेच राहतात. तेव्हा घाबरू नका आणि त्या मुलाला घाबरवूही नका. फळ्यावर धड्यातले चार उपघटक लिहून द्या, तेवढ्या आधाराने बहुतेकांची गाडी सुरू होते. दोन आठवड्यांनी तोही आधार काढा. या कागदांना गुण मात्र कधीही देऊ नका. गुण दिले की मुलं शेजारच्या कागदात डोकावतात, आणि हिरव्या पेनाचं काम निळ्याने होतं.

तो तक्ता यंदा मी उलटा टांगलाय. कोरी बाजू समोर असते. कोणी तरी उठून फळ्यावर मध्यावस्था काढतं, मग तक्ता पलटून वर्ग ताडून बघतो.

सूत्र पाठ, अर्थ गायब

'तानापिहिनिपाजा' आपल्या सगळ्यांना येतं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. आता विचारा, लोलकातून जाताना कोणत्या रंगाचं विचलन सर्वात कमी होतं? मुलं सूत्र म्हणतात, दोन्ही टोकांकडे बघतात आणि अंदाजाने एक टोक उचलतात. सूत्राने क्रम दिला. क्रमाचा अर्थ त्यात कुठेच नाही.

आमच्या वर्गात आम्ही त्याला शेपूट जोडलं: "ता ताठ, जा जास्त." तांबडा ताठ जातो, म्हणजे सर्वात कमी वळतो. जांभळा जास्त वळतो. कारणही सोबत सांगायचं. तांबड्याची तरंगलांबी सर्वात जास्त, सुमारे ७०० नॅनोमीटर; जांभळ्याची सर्वात कमी, सुमारे ४००. काचेत जांभळ्याचा वेग जास्त घटतो, म्हणून तो जास्त वळतो.

चांगलं सूत्र कसं असतं हे बघायचं तर मराठीच्या तासाला जाऊन बसा. 'यमाताराजभानसलगं.' दहा अक्षरांत वृत्तांचे आठही गण. य गण हवा असेल तर 'य'पासून तीन अक्षरं घ्या: यमाता, म्हणजे लघु, गुरु, गुरु. र गण हवा तर राजभा: गुरु, लघु, गुरु. गणाचं नाव आणि त्याचं रूप एकाच ठिकाणी, बाहेरून काहीही आणावं लागत नाही. ज्याने कोणी हे रचलं असेल त्याच्याबद्दल मला दरवर्षी नव्याने आदर वाटतो.

सगळी सूत्रं इतकी सुंदर होणार नाहीत. पण मुलाने सूत्र म्हणून दाखवलं की शाबासकीच्या आधी "मग?" असं विचारायची सवय लावून घ्या. आणि मूळ गोष्टीपेक्षा सूत्रच लांबलचक झालं असेल तर ते सरळ सोडून द्या.

उसनी युक्ती, परकी अक्षरं

त्रिकोणमितीसाठी इंटरनेटवरच्या व्हिडिओंतून मुलं एक हिंदी ओळ उचलून आणतात: 'पंडित बद्री प्रसाद हर हर बोले'. त्यातले प, ब, ह म्हणजे पर्पेंडिक्युलर, बेस आणि हायपोटेन्यूज. आपल्या पुस्तकात आहेत संमुख बाजू, लगतची बाजू आणि कर्ण. म्हणजे मुलाने आधी हिंदी ओळ आठवायची, तिच्यातून इंग्रजी शब्द काढायचे, त्यांचं मराठी करायचं आणि मग गणित सोडवायचं.

खरी गफलत त्याहून खोल आहे. बेस म्हणजे पाया, म्हणून मुलं आकृतीतली खालची बाजू धरतात. कोन खाली असेल तोवर उत्तर बरोबर येतं. थीटा वरच्या शिरोबिंदूपाशी दिला की तीच खालची बाजू कोनाच्या समोर येते, आणि मुलांचे साइन-कोसाइन उलटेपालटे होतात. कोसाइन चुकत असेल तर आधी त्या मुलाला कोन वर असलेला त्रिकोण देऊन बघा. दोष कुठे आहे ते मिनिटभरात कळतं.

आम्ही आपलं साधं केलं: संक, लक, संल. साइन म्हणजे संमुख भागिले कर्ण, कोसाइन म्हणजे लगतची भागिले कर्ण, टॅन म्हणजे संमुख भागिले लगतची. म्हणायच्या आधी कोनावर बोट ठेवायचं आणि बोटासमोरची बाजू दाखवायची. बोट ठेवल्याशिवाय म्हणायचं नाही.

शब्दांची अशीच ठेच तयार साहित्यातही लागते. हिंदी व्हिडिओत 'लोलक' म्हणजे दोलक, टांगलेला झुलता गोळा. आपल्या पुस्तकात लोलक म्हणजे काचेचा त्रिकोणी ठोकळा. आपलं वस्तुमान तिकडे द्रव्यमान होतं. व्हिडिओ दाखवायला माझी हरकत नाही, पण आधी स्वतः पूर्ण बघा आणि असे शब्द फळ्यावर लिहून ठेवा.

ठिकाणांची युक्ती, पण कोणाच्या ओळखीची ठिकाणं?

ओळखीच्या वाटेवरच्या ठिकाणांना एकेक गोष्ट चिकटवायची आणि मनातल्या मनात त्या वाटेने चालत जायचं, ही युक्ती प्राचीन ग्रीकांच्या काळापासून चालत आलेली आहे. पुण्यात तयार वाट आहेच: मानाचे पाच गणपती. सूत्री विभाजनाच्या चार अवस्था आणि शेवटी जीवद्रव्याचं विभाजन, असे बरोबर पाच टप्पे होतात.

कसब्यापाशी मांडवाचं कापड उतरतंय आणि आतले जाडजूड दोर दिसायला लागलेत: पूर्वावस्था, केंद्रकाचं आवरण नाहीसं होतंय, गुणसूत्रं जाड आणि आखूड झालीत. तांबडी जोगेश्वरीपाशी ढोलपथक रस्त्याच्या मधोमध एका रांगेत उभं: मध्यावस्था. गुरुजी तालीम, तालमीत रस्सीखेच चाललीय: पश्चावस्था, जोडीतली अर्धगुणसूत्रं विरुद्ध टोकांना ओढली जातायत. तुळशीबागेत समोरासमोर दोन दुकानं थाटली: अंत्यावस्था, दोन केंद्रकं तयार. आणि केसरीवाड्यात वाड्याची वाटणी होऊन मध्ये भिंत उभी राहिली: पेशी दुभंगली.

मला हे फार आवडलं होतं. पण वर्गातल्या दहा-बारा मुलांना ते जमेना. ती मुलं कात्रजकडून येणारी. मानाचे गणपती त्यांना नावाने माहीत होते, क्रमाने नाही. म्हणजे अवस्था लक्षात ठेवण्यासाठी त्यांना आधी गणपतींचा क्रम पाठ करावा लागत होता! त्यांच्यासाठी बसची वाट घेतली: पद्मावती, बालाजीनगर, भारती विद्यापीठ, कात्रज. पाचवा थांबा ज्याच्या त्याच्या घराचं दार. चित्रं त्यांनीच ठरवली, आणि ती माझ्यापेक्षा जास्त भडक आणि जास्त टिकाऊ निघाली. शिक्षकाचं चित्र शिक्षकालाच आठवतं, हे मला तेव्हा कळलं.

आणखी एक. एकाच वाटेवर तीन धडे टांगू नका. तालमीत रस्सीखेचही आणि दुसऱ्या धड्यातलं काही तरीही, अशी सरमिसळ झाली की दोन्ही जातात. नव्या धड्याला नवी वाट द्या: शाळेचा जिना, आजोळचं घर, भाजीमंडई.

कार्डांचा गठ्ठा

तयार कार्डांत हमखास आढळणारा दोष म्हणजे गर्दी. पुढे लिहिलेलं 'प्रकाशाचे अपवर्तन' आणि मागे बारा ओळी. असं कार्ड मूल उलटतं, नजर फिरवतं आणि "हो, हेच म्हणणार होतो" म्हणत बाजूला ठेवतं. एका कार्डाला एकच प्रश्न हवा. गर्दीच्या कार्डाची सहा कार्डं करा. त्याहून चांगलं म्हणजे प्रश्नांची बाजू तेवढी छापून घ्या आणि मागचं उत्तर मुलाला त्याच्या हाताने लिहू द्या. उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं किंवा लिहायचं, हा नियम मोडू देऊ नका.

सगळी कार्डं रोज फिरवायची गरज नाही. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली खोक्यांची पद्धत मांडली, ती आम्ही मिठाईच्या रिकाम्या डब्यांत चालवतो. पहिला डबा रोज, दुसरा दर तिसऱ्या दिवशी, तिसरा शनिवारी. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की थेट पहिल्यात. मुलांना हे परत येणं लागतं, शिक्षा वाटते. पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की पहिला डबा म्हणजे आजचं काम, नापासांचा डबा नव्हे.

सगळं जानेवारीत

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो मांडला. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. जुलैत शिकवलेलं दुसऱ्या दिवशी विचारा, आठवड्याने विचारा, मग गणपती झाल्यावर आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं पुरतात. जानेवारीत सलग आठ तास घेऊन ती भरपाई होत नाही.

गणिताच्या तयार सरावसंचांची अडचण वेगळी आहे. 'वर्गसमीकरणे' या मथळ्याखाली वीस उदाहरणं असली की रीत मथळाच सांगून टाकतो. पेपरात तो मथळा नसतो. "सरावात सगळी येतात, पेपरात सुचत नाहीत" अशी तक्रार असलेल्या मुलाला दोन वर्गसमीकरणं, एक अंकगणिती श्रेढी, एक संभाव्यता आणि एक रेषीय समीकरण एकाच कागदावर मिसळून द्या. सोडवायच्या आधी प्रत्येकासमोर रीतीचं नाव तेवढं लिहायला सांगा. पहिल्या दिवशी चुका वाढतील. वाढू द्या.

आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रश्नसंचांबद्दल थोडक्यात: दहावीची सध्याची पुस्तकं २०१८ साली आली. त्याआधीचे संच अजून फिरतायत. छापण्याआधी बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून बघा. पीडीएफ मोफत मिळतं.

पालक नेहमी विचारतात, "आम्हाला विषय येत नाही, आम्ही काय घेणार?" माझ्या एका विद्यार्थ्याचे बाबा रिक्षा चालवतात. रात्री जेवण झालं की ते पहिला डबा घेऊन बसतात, प्रश्न वाचतात, मुलाचं बोलून होईपर्यंत कार्ड छातीशी धरून ठेवतात आणि मगच उलटतात. मूल अडलं की ते काही सुचवत नाहीत, कारण त्यांना ते येत नसतं. नुसते थांबतात. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. तेवढ्यात बहुतेक वेळा उत्तर येतं. मी वर्गात इतकी थांबत नव्हते. आता मनातल्या मनात दहापर्यंत मोजते.