युटा-अ‍ॅरिझोनाच्या रोड ट्रिपला निघताय? या चुका टाळा

दरवर्षी एप्रिल-मे आला की आमच्याकडे मित्रांचे फोन सुरू होतात. "आई-बाबा आलेत पुण्याहून. पाच दिवस सुट्टी काढलीय. लास व्हेगासला उतरतो, मग झायन, ब्राइस, आर्चेस ही उद्यानं, मॉन्युमेंट व्हॅली आणि येताना ग्रँड कॅन्यन. जमेल ना?" जमेल की. फक्त आई-बाबांना पाचही दिवस गाडीची मागची सीटच दिसेल.

या भागातली पहिली चूक घरी, नकाशा समोर ठेवूनच होते. ब्राइसहून आर्चेसशेजारच्या मोआब गावाला जायला फोन सव्वाचार तास दाखवतो, पण तो मोठ्या इंटरस्टेट महामार्गाचा हिशोब. ज्यासाठी एवढ्या लांब आलो तो हायवे १२ त्यात येतच नाही. सुमारे १२० मैलांचा हा रस्ता एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या मध्ये एका अरुंद कण्यावरून जातो. दोन्ही बाजूंना दरी, मध्ये दोन लेन. तिथून पुढे बोल्डर माउंटनवर तो साडेनऊ हजार फुटांच्या वर चढतो. फोनने दिलेली वेळ दीडपट धरा. पाच दिवस असतील तर तीनच ठिकाणं धरा. ग्रँड कॅन्यन सरळ पुढच्या खेपेला ठेवा.

घड्याळाचा घोळ

आमची सगळ्यात मोठी फजिती इथे झाली. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाही, युटा करतं. अ‍ॅरिझोनाच्या ईशान्य भागात आणि शेजारच्या राज्यांतही पसरलेलं नावाहो नेशन (नावाहो या मूळनिवासींचा स्वायत्त प्रदेश) हेही करतं. म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या वेळेने चालणाऱ्या पेज गावात दुपारचे तीन वाजले असतील, तेव्हा नावाहो नेशनमधल्या मॉन्युमेंट व्हॅलीत चार वाजलेले असतात. पेजहून सव्वादोन तासांत पोहोचलो म्हणून खुशीत होतो, आणि खालच्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर त्या दिवसापुरत्या गाड्या सोडणं बंद झालं होतं. पेजमध्ये याच्या उलट होतं. फोन कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो आणि एक तास पुढे पळतो. पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या चिंचोळ्या घळीची टूर बुक करताना "ही वेळ कुणाची?" हे विचारून घ्या आणि एक साधं मनगटी घड्याळ त्या वेळेला लावून ठेवा.

त्याच ओघात आणखी एक. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन नावाहोंच्या ताब्यात आहेत. तिथे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास चालत नाही.

फोन म्हणेल तो रस्ता

मॉन्युमेंट व्हॅलीहून युटातल्या नॅचरल ब्रिजेस या दगडी कमानींच्या ठिकाणी निघालो. फोनने हायवे २६१ दाखवला, आम्ही गेलो. समोर उभा कडा, आणि डांबर संपलं. याला मोकी डगवे म्हणतात. १९५० च्या दशकात युरेनियमचे ट्रक नेण्यासाठी कड्यात खोदलेली ही वाट तीन मैलांत अकराशे फूट चढते. बाबांनी तरुणपणी वरंधा घाटातून एसटीने प्रवास केलाय, तेही दोन वळणांनंतर म्हणाले, "अरे, कठडा कुठाय?" कोरड्या दिवशी साधी गाडीही ती चढते. पण भाड्याच्या गाडीच्या करारात बहुतेक वेळा कच्च्या रस्त्याला मनाई असते, आणि टायर फुटला तर खर्च आपल्या गळ्यात. निघण्याआधी रस्ता पक्का आहे का ते बघा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण रेंज तासन्‌तास नसते.

असे उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. गिअर खालचा टाका. जळका वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी थांबवा आणि चाकं निवेपर्यंत चहा प्या.

आकाश निळं, तरी पूर

पावसाची सवय असलेल्या आपल्याला वाटतं, ढगच नाहीत तर कसली भीती? १९९७ च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस काही मैल लांब पडला होता. इथली जमीन खडकाळ, पाणी मुरतच नाही, सगळं चिंचोळ्या घळीत उतरतं. जुलै ते सप्टेंबर घळीत उतरण्याआधी रेंजरला त्या दिवसाचा अंदाज विचारा. तो नको म्हणाला तर वाद घालू नका. वाळक्या ओढ्यावरून रस्ता जात असेल आणि पाणी वाहत असेल, तर अलीकडेच थांबा. ओसरायला फार वेळ लागत नाही.

वाळवंट म्हणून स्वेटर घरी

ब्राइसचा कडा आठ ते नऊ हजार फुटांवर आहे. कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे गाडीतून उतरल्या-उतरल्या आपण महाराष्ट्राच्या छपराच्याही बरेच वर असतो. मे महिन्यातसुद्धा पहाटे कानटोपी लागते, आणि चार पायऱ्या चढून आईला दम लागला तर घाबरू नका, पण घाईही करू नका. बसवा, पाणी द्या. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर सरळ खाली उतरा. माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत असू द्या, आणि सोबत चिवडा, कारण नुसतं पाणी पिऊन मीठ कमी पडतं.

ब्राइसमध्ये आधी न थांबता रेनबो पॉइंटपर्यंत जा आणि परतताना थांबा. सगळे पॉइंट परतीच्या वाटेवर उजव्या हाताला येतात, समोरच्या गाड्या कापून वळावं लागत नाही.

झायनमध्ये साधारण मार्च ते नोव्हेंबर मुख्य दरीत आपली गाडी नेता येत नाही. फुकट शटल आहे, पण सकाळी नऊनंतर पार्किंग मिळणं कठीण. एंजल्स लँडिंगला २०२२ पासून सोडतीने परवाना लागतो. तसाही तो साखळ्या धरून चढायचा कडा आई-बाबांसाठी नाही.

मोआबहून आय-७० ने परतणार असाल तर ग्रीन रिव्हरला टाकी भरा, अर्धी असली तरी. पुढे सॅलिनापर्यंत शंभराहून जास्त मैल पंप नाही, दुकान नाही, चहा तर नाहीच. थर्मासही तिथेच भरून घ्या.