इंटर्नशिपमधलं कृती संशोधन: आधी वह्या मागून घ्या

इंटर्नशिप सुरू झाली की बी.एड.ची मुलं-मुली बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येतात आणि कृती संशोधनाचा, म्हणजे वर्गातली एक अडचण हेरून, उपाय करून, फरक तपासायच्या अभ्यासाचा विषय सांगतात, ‘सहावीची मुलं हिंदीत कच्ची आहेत.’ ही तक्रार झाली. तिच्यावर भाषण देता येईल, संशोधन नाही.

वह्या मागून घ्या. बडोद्यातल्या गुजराती माध्यमाच्या वर्गाचं हिंदी श्रुतलेखन बघा: शिरोरेषा मधूनच गायब, आणि अ, क, ख, च, ज, फ, ब यांतली काही अक्षरं गुजराती वळणाची. घरी मराठी बोलणारी आपली मुलंही यातून सुटत नाहीत, ती अक्षरं गिरवायला गुजरातीतच शिकलेली असतात. आता विचारा: नेमकी कुठली अक्षरं घसरतात? शब्दाच्या सुरुवातीला जास्त, की मध्ये? एवढा प्रश्न पुरे.

मोजणीत मात्र घाई नको. एका श्रुतलेखनावर विसंबू नका, आठवड्यात तीन घ्या; पुढचा तास खेळाचा असला की अर्धा वर्ग मनानं मैदानात असतो. ‘ख’ किती वेळा चुकला याच्या शेजारी तो किती वेळा लिहायचा होता तेही मांडा. पाचपैकी चार चुका आणि वीसपैकी चार चुका सारख्या कशा? मग दहा वह्या मैत्रिणीकडे द्या, तुमचे आकडे न दाखवता. मोजणी जुळली नाही तर ‘गुजराती वळण’ कशाला म्हणायचं हेच अजून ठरायचंय. उपाय करून झाल्यावरच्या चाचणीत (उत्तरचाचणीत) शब्द नवे घाला, पण अक्षरं तीच आणि तितक्याच वेळा. नाहीतर पाठांतर मोजून बसाल.

अर्ध्या वर्गाला उपाय आणि अर्ध्याला ठेंगा, असं करू नका. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली मांडलेल्या कृती संशोधनाच्या पद्धतीत योजना, कृती, परिणामांची तपासणी आणि पुन्हा योजना असं आवर्तन आहे. सगळ्यांना उपाय द्या, फसला तर बदला. तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून अहवालात ‘उपायामुळे’ नको, ‘उपायानंतर’ लिहा. परीक्षक तिथेच पकडतात.

पूर्वसंशोधनासाठी बडोदेकरांना लांब जायला नको. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचं पहिलं सर्वेक्षण १९७४ साली एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली आपल्याच सयाजीराव विद्यापीठातून निघालं. त्यातले सारांश चाळा, प्रश्न कसा मांडतात ते कळेल.

मुख्याध्यापकांची परवानगी लेखी आणि सुरुवातीलाच घ्या. वहीचा फोटो काढताना मुलाचं नाव झाका. आणि वर्ग तिथे शिकवणाऱ्या बाईंचा आहे, तुम्ही चार महिन्यांचे पाहुणे. निष्कर्ष मार्गदर्शकांच्या आधी बाईंना दाखवा. त्यांना पटले नाहीत तर त्यांचं म्हणणंही अहवालात जाऊ द्या.